फ्रान्स्वाज दॉर्लेआक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने फ्रेंच चित्रपट पाहणाऱ्या मंडळींमध्ये हे नाव निघालं की त्याच त्या शंका पुन्हा पुढे येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. चित्रपटांची गोष्ट थोडीफार सांगावी लागली आहे. ज्यांना काहीच आधी कळायला नको आहे त्यांनी ती उत्तरं ओलांडून पुढे जावं.

फ्रान्स्वाज दॉर्लेआक म्हणजे नक्की कोण?

१९६० ते १९६७ या काळात फ्रेंच आणि काही इंग्रजी चित्रपटांत काम केलेली अभिनेत्री. जन्म पॅरिसचा, २१ मार्च १९४२. मृत्यू २६ जून १९६७ रोजी नीस शहराजवळ मोटार अपघातात. वय २५. कात्रीन दनव या जगप्रसिद्ध अभिनेत्रीची ही थोरली बहीण.

बहुतेक ठिकाणी माहिती इथेच संपते: बहीण, अपघात, हळहळ. मला यात खटकणारी गोष्ट अशी की तिचा एकही चांगला चित्रपट पाहिलेला नसतानाही माणूस एवढं सगळं सांगू शकतो. प्रत्यक्षात ती विनोदाची, लयीची नटी होती. भराभर बोलणारी, खर्जातल्या आवाजाची, दोन पायऱ्या एकदम चढणारी. तिची ओळख शोकांतिकेतून करून घेतली तर पडद्यावर दिसणारी बाई भलतीच कोणी वाटेल.

दोघी सख्ख्या बहिणी, मग आडनावं वेगळी कशी?

वडील मॉरिस दॉर्लेआक. आईचं माहेरचं आडनाव दनव. थोरली आधी चित्रपटात आली आणि तिने वडिलांचं नाव चालवलं. धाकटी आली तेव्हा एकाच आडनावाच्या दोन तरुण नट्या झाल्या असत्या, म्हणून तिने आईचं माहेरचं आडनाव घेतलं. भांडण, दुरावा वगैरे काही नव्हतं. गंमत अशी की खुद्द आई रंगभूमीवर तिसऱ्याच नावाने, रने सिमोनो म्हणून, वावरत होती. एका घरात तीन आडनावांचे कलावंत.

घरात नाटकाचं वातावरण होतं का?

पुरेपूर. वडील रंगभूमी आणि चित्रपटातले नट. शिवाय पॅरामाउंट कंपनीच्या चित्रपटांचं फ्रेंचमध्ये डबिंग करून घेण्याचं काम ते पाहत. आई लहान वयातच पॅरिसच्या ओदेऑन नाट्यगृहात काम करू लागली होती आणि आजी तिथेच प्रॉम्प्टर होती. बोलपट आले तेव्हा आई डबिंगकडे वळली. ऑलिव्हिया डी हॅविलँडला फ्रेंच प्रेक्षकांनी बराच काळ तिच्या आवाजात ऐकलं. फ्रान्स्वाजनेही लहानपणीच ‘हायडी’च्या स्विस चित्रपटाला फ्रेंच आवाज दिला होता.

चार मुली. आईच्या आधीच्या नात्यातली दानियेल सर्वांत मोठी, मग फ्रान्स्वाज, कात्रीन आणि सिल्वी. पॅरिसच्या १६व्या प्रभागातलं घर, मध्यमवर्गीय आणि गजबजलेलं. नट्यांच्या चरित्रात नेहमी येणारी ‘घरच्यांचा विरोध पत्करून’ ही ओळ इथे लागू होत नाही. या घरात अभिनय हा कामधंदा होता. सकाळी उठायचं, स्टुडिओत जायचं, ओठांच्या हालचालींशी शब्द जुळवायचे आणि जेवायला परत यायचं. फ्रान्स्वाजच्या शब्दफेकीत जी सफाई आहे तिचं मूळ मला या डबिंगवाल्या घरात दिसतं. हा माझा अंदाज आहे, पण तिचे संवाद नुसते कानांनी ऐकून पाहा. कितीही वेगात बोलली तरी एक अक्षर गिळत नाही.

अभिनयाचं शिक्षण घेतलं होतं का? की मॉडेलिंगमधून आली?

दोन्ही. पॅरिसच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, म्हणजे तिथल्या कॉन्झर्व्हातवारमध्ये ती शिकली आणि त्याच सुमारास ख्रिस्तियाँ दिऑरसाठी मॉडेलिंगही केलं. १९६० मध्ये कोलेतच्या ‘जिजी’च्या नाट्यरूपात तिने रंगमंचावर मुख्य भूमिका केली. वय १८.

सुरुवातीचे चित्रपट पाहण्यासारखे आहेत का?

अभ्यासाची आवड असेल तर. १९६० च्या ‘ले लू दाँ ला बेर्जरी’पासून तिची पूर्ण लांबीच्या चित्रपटांची वाट सुरू होते. त्याच वर्षीच्या ‘ले पोर्त क्लाक’मध्ये तिच्या बहिणीच्या भूमिकेसाठी मुलगी हवी होती आणि तिने घरातली खरी बहीणच नेली. कात्रीन तेव्हा शाळकरी होती आणि हे काम तिने गंमत म्हणून केलं. पुढचा फ्रेंच चित्रपटाचा इतिहास लक्षात घेता ही शिफारस फारच महाग पडली म्हणायची, किंवा फारच स्वस्त.

१९६१ मध्ये मिशेल दव्हिलचा ‘स स्वार उ जामे’, रने क्लेरचा ‘तू लॉर द्यू माँद’ आणि बाल्झाकच्या कथेवरचा ‘ला फिय ओझ्यो दॉर’ आले. या सगळ्यांत ती आहे, बरी आहे, पण तिच्याशिवायही ते चित्रपट झाले असते. १९६२ च्या आर्सेन ल्युपँपटाबद्दलही तेच म्हणेन.

मग १९६४ या वर्षाचं एवढं महत्त्व का?

कारण त्या एका वर्षात तिचे दोन असे चित्रपट आले की ते एकाच बाईचे आहेत यावर विश्वास बसू नये.

फेब्रुवारीत फिलिप द ब्रोकाचा ‘लोम द रियो’, म्हणजे ‘रियोचा माणूस’. मे महिन्यात फ्रान्स्वा त्रुफोचा ‘ला पो दूस’, म्हणजे ‘मऊ कातडी’. पहिला धावपळीचा साहसपट, दुसरा विवाहबाह्य संबंधाची थंड डोक्याने मांडलेली गोष्ट. दोन्हींचं संगीत योगायोगाने जॉर्ज दलरूचं.

त्याच फेब्रुवारीत धाकट्या बहिणीचा, जाक दमीने दिग्दर्शित केलेला ‘ले पाराप्लुई द शेर्बूर’ही प्रदर्शित झाला. मेमधल्या कान महोत्सवात थोरलीचा त्रुफोपट आणि धाकटीचा दमीपट, दोन्ही स्पर्धेत होते. सर्वोच्च पुरस्कार धाकटीच्या चित्रपटाला मिळाला; त्रुफोच्या चित्रपटाचं स्वागत गार झालं. तोवर घरातली ‘नटी’ म्हणजे फ्रान्स्वाज होती. त्या वर्षापासून दोघी बरोबरीला आल्या.

‘लोम द रियो’मध्ये तिचं काम काय? नायकाची प्रेयसी एवढंच ना?

कागदावर एवढंच. जाँ-पॉल बेलमोंदो हा आठ दिवसांच्या रजेवर पॅरिसला आलेला सैनिक. तिकडे संग्रहालयातून एक प्राचीन मूर्ती चोरीला जाते आणि त्याची प्रेयसी आन्येस पळवली जाते. तो तिकिटाशिवाय विमानात शिरतो आणि थेट ब्राझील गाठतो. आन्येसला औषध पाजलेलं असल्यामुळे ती त्याला ओळखतच नाही. पुढे रियो, मग तेव्हा नवंकोरं, अर्धवट बांधलेलं ब्राझिलिया, मग जंगल. टिनटिनच्या चित्रकथा वाचलेल्या कोणालाही ही जात लगेच ओळखू येईल.

आता पडद्यावर काय होतं ते पाहा. बेलमोंदो उंचावरून लटकतो, उड्या मारतो, पडतो. त्याचं शरीर म्हणजेच चित्रपट. त्याच्यासमोर साधी नायिका उभी केली असती तर ती मागे पळणारी ओझ्याची पिशवी झाली असती. दॉर्लेआक मात्र त्याच्याइतकीच अस्वस्थ आहे. जिवावर बेतलेलं असताना ती भलत्याच गोष्टीवरून कटकट करते, रुसते, पुढच्या क्षणी विसरते. धोक्याचं गांभीर्य तिच्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि हा सगळा मूर्खपणा ती इतक्या डौलात करते की आपण तिच्या बाजूने होतो. हिरव्या चांदण्या रंगवलेल्या गुलाबी मोटारीतून दोघं हिंडतात तेव्हा मोटार विचित्र वाटत नाही. यांना हीच शोभते असं वाटतं.

फ्रान्समध्ये चित्रपटाची सुमारे ४८ लाख तिकिटं विकली गेली आणि पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं. हिंदी मसालापटांवर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला यात परकं काही वाटणार नाही.

आणि ‘ला पो दूस’? त्याला तिचं सर्वोत्तम काम म्हणतात ते का?

मीही म्हणतो. हे उत्तर लांबणार.

पिएर लाशने हा प्रतिष्ठित संपादक, बाल्झाकचा अभ्यासक, व्याख्यानं देत फिरणारा. बायको, मुलगी, पॅरिसमधलं नीटनेटकं घर. हे घर म्हणजे प्रत्यक्षात त्रुफोचीच राहती जागा. लिस्बनला जाणाऱ्या विमानात त्याला निकोल ही हवाई सुंदरी दिसते, हॉटेलच्या लिफ्टमध्ये पुन्हा भेटते आणि प्रकरण सुरू होतं. पुढे जे घडतं ते वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या बातमीसारखं. त्रुफोला गोष्ट सुचली तीही अशाच बातम्यांवरून. त्या काळात तो हिचकॉकच्या प्रदीर्घ मुलाखतींवर काम करत होता आणि त्याची छाया जागोजाग आहे. दिव्याची बटणं, मोटारीचा गियर, दारांच्या मुठी, घड्याळं. प्रेमाची गोष्ट रहस्यपटासारखी कापलेली.

अशा गोष्टीत ‘दुसरी बाई’ एक तर मोहिनी असते नाही तर बळी. दॉर्लेआकची निकोल दोन्ही नाही. ती नोकरी करणारी २२ वर्षांची मुलगी आहे. तिला हा वयस्कर, विद्वान, थोडा घाबरट माणूस मनापासून आवडतो. एका प्रवासात तो सहज बोलून जातो की तिने जीन्सपेक्षा स्कर्ट घातलेला त्याला जास्त आवडेल. पेट्रोल पंपावर मोटार थांबते तेव्हा ती आत जाऊन कपडे बदलून येते. संवाद जवळजवळ नाहीच. तिच्या चेहऱ्यावर त्याला खूश केल्याचा आनंद आहे आणि त्यात कुठेही लाचारी नाही. एवढ्याशा प्रसंगात तिने निकोलचा अख्खा स्वभाव बसवला आहे.

मग रँस शहरातला प्रसंग. तो व्याख्यानाला तिला गुपचूप बरोबर घेऊन येतो आणि यजमानाच्या तावडीत सापडतो. यजमान सोडत नाही, हा स्पष्ट बोलत नाही, आणि बाहेर रस्त्यावर ती एकटी; कोणी तरी अनोळखी माणूस तिच्या मागे लागलेला. तो काचेआडून पाहतो आणि काही करत नाही. हा प्रसंग पाहताना जीव कानकोंडा होतो. रात्री ती चिडते, रडते, पण तिचा राग त्याच्या बायकोमुळे नसतो, त्याच्या भित्रेपणामुळे असतो. हे नातं टिकणार नाही हे त्याच्या आधी तिला कळतं. पुढे तो मोठ्या हौसेने बांधकाम चालू असलेल्या इमारतीतलं घर तिला दाखवायला नेतो. आता आपण लग्न करून इथे राहायचं! ती शांतपणे नाही म्हणते. ‘लोम द रियो’त वाऱ्यावर उधळलेली हीच मुलगी तीन महिन्यांनी इतकी स्थिर कशी, असा प्रश्न पडतो. वेग आहेच, पण इथे तो आत ओढून घेतलेला. ती उभी असते तेव्हाही निघायच्या तयारीत असल्यासारखी दिसते.

शेवट सांगत नाही. तो बायकोच्या हातात आहे एवढंच सांगतो. बायकोच्या भूमिकेतल्या नेली बेनेदेत्तीचं काम तितकंच जबरदस्त आहे आणि तिचं नाव कोणी घेत नाही, म्हणून इथे घेतलं.

म्हणजे ती न्यू वेव्हची नायिका होती का?

न्यू वेव्ह म्हणजे १९६० च्या आसपासची, त्रुफोसारख्या तरुण दिग्दर्शकांची फ्रेंच चित्रपट-चळवळ. त्रुफोबरोबर काम केलं म्हणून तसं म्हणतात. पण तिची यादी पाहिली तर रने क्लेरसारखा जुन्या पिढीतला दिग्दर्शक, द ब्रोका आणि एदुआर मोलिनारोसारखे लोकप्रिय चित्रपट करणारे, दमी, पोलान्स्की, शिवाय इंग्रजी धंदेवाईक चित्रपट, अशी सरमिसळ दिसते. कोणत्याही एका कंपूची ती नव्हती. दिग्दर्शकांनी तिच्यात काय पाहिलं हे शोधणं जास्त फायद्याचं. त्रुफो तिला लाडाने ‘फ्राँब्वाज’ म्हणायचा. हे फ्रेंचमध्ये एका आंबटगोड फळाचं नाव, फ्रान्स्वाजशी यमक जुळणारं.

इंग्रजी चित्रपट किती केले? कसे आहेत?

‘चंगीज खान’ (१९६५) मध्ये ओमर शरीफची पत्नी बोर्ते. मंगोल बाई म्हणून पॅरिसची मुलगी, यावर अधिक बोलायला नको. डेव्हिड निव्हनबरोबर एक हेरपट. केन रसेलचा ‘बिलियन डॉलर ब्रेन’, मायकल केनसोबत, फिनलंडच्या बर्फात. हा बरा आहे, पण तो रसेलचा आहे. तिसऱ्या दर्जाच्या कामातही ती कंटाळवाणी होत नाही, हे मात्र मान्य करावं लागतं.

इंग्रजीतला खरा चित्रपट एकच, पुढचा.

‘कल-द-सॅक’ पाहताना ती आवडली नाही. असं होतं का?

होतं. तशीच भूमिका आहे.

रोमान पोलान्स्कीने १९६५ मध्ये ‘रिपल्शन’ कात्रीनला घेऊन केला आणि लगेच पुढचा चित्रपट थोरलीला घेऊन. पहिल्याला बर्लिन चित्रपट महोत्सवात रौप्य अस्वल हा पुरस्कार मिळाला, १९६६ मध्ये दुसऱ्याला सुवर्ण अस्वल. चित्रीकरण इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्न बेटावर झालं. भरती आली की या बेटाचा रस्ता पाण्याखाली जातो आणि जगाशी संबंध तुटतो. चित्रपटाची सगळी गोष्ट या भौगोलिक वस्तुस्थितीवर उभी आहे. एका जुन्या किल्ल्यात राहणारा अधेड जॉर्ज, त्याची तरुण फ्रेंच बायको तेरेसा आणि तिथे येऊन थडकलेला जखमी गुंड.

तेरेसा कंटाळलेली आहे, आणि कंटाळा हा दॉर्लेआकच्या वेगाचा उलटा चेहरा. करायला काही नाही म्हणून ती नवऱ्याला आपला झगा घालते, त्याचा चेहरा रंगवते. झोपलेल्या गुंडाच्या पायाच्या बोटांमध्ये कागद खोचून पेटवते. क्रूरपणा आहे, पण रिकामपणातून आलेल्या पोरकट खोडीचा. तिची कीव यावी असा एकही इशारा ती प्रेक्षकाला देत नाही. नट्या सहसा एवढी हिंमत करत नाहीत.

समुद्रकिनाऱ्यावरचा सात मिनिटांहून मोठा अखंड शॉट प्रसिद्ध आहे. दारू प्यालेले दोन पुरुष वाळूत बसून बोलत असतात, ती पाण्यात जाते आणि परत येते, वरून विमान जातं, सगळं एका दमात. पाणी गोठवणारं होतं आणि टेक पुन्हा पुन्हा द्यावे लागले. त्यात ती कोसळली. पडद्यावर डोनाल्ड प्लेझन्स आणि लायनल स्टँडर यांचा अभिनय लक्ष वेधतो. शॉटची किंमत मात्र मागे लांबवर पोहणाऱ्या त्या ठिपक्याने मोजलेली आहे.

रोशफोरच्या चित्रपटात दोघी खरोखर जुळ्या आहेत का?

नाही. दोघींत १९ महिन्यांचं अंतर. चित्रपटात मात्र त्या मिथुन राशीला जन्मलेल्या जुळ्या आहेत आणि तसं गातात. पाश्चात्त्य पद्धतीने खऱ्या आयुष्यात थोरली मेष, धाकटी तूळ, राशीचक्रात समोरासमोर.

तो चित्रपट एवढा लाडका का आहे?

जाक दमीचा ‘ले द्मुआझेल द रोशफोर’, म्हणजे ‘रोशफोरच्या मुली’, मार्च १९६७ मध्ये आला. चित्रीकरण १९६६ च्या उन्हाळ्यात, फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या रोशफोर या जुन्या नौदल-गावात. दमीने सेट उभारला नाही, गावच रंगवलं. कोल्बेर चौकाभोवतीच्या घरांच्या खिडक्यांना गुलाबी, निळे, पिवळे रंग दिले आणि रस्त्यावरून चालणाऱ्या माणसांना नाचायला लावलं. संगीत मिशेल लग्राँचं.

देल्फीन (कात्रीन) नृत्य शिकवते, सोलांज (फ्रान्स्वाज) संगीत. दोघींना पॅरिसला जायचंय. आई कॅफे चालवते. तिने एकेकाळी प्रियकराला सोडलं, कारण त्याचं आडनाव दाम आणि लग्नानंतर आपल्याला लोक ‘मादाम दाम’ म्हणतील! या विनोदावर एक अख्खं आयुष्य वाया गेलेलं आहे आणि चित्रपट ते हसत हसत सांगतो. प्रत्येकाचं माणूस त्याच गावात, पुढच्या वळणावर असतं, आणि चुकामूक होत राहते. मधूनच एका बाईच्या खुनाची बातमी येते, तीही गाण्याच्या चालीत. इतक्या गोड रंगात दमीने इतकं वाईट नशीब लपवलेलं आहे.

फ्रान्स्वाजच्या वाट्याला जीन केली आला आहे. धाकट्या भावाला शाळेतून आणायला गेलेली सोलांज रस्त्यात त्याच्यासमोर सुरावटीचे कागद पाडते. त्यातला एक त्याच्याजवळ राहतो. पन्नाशी ओलांडलेला केली तो कागद घेऊन गावभर नाचतो, आणि शेवटी वाद्यांच्या दुकानात दोघं समोरासमोर येतात. त्या नृत्यात तिला केलीच्या तोडीचं नाचता येत नाही हे उघड आहे. तिला त्याची फिकीर नाही, हेही उघड आहे. कात्रीन प्रत्येक चौकटीत सुंदर दिसते. फ्रान्स्वाज प्रत्येक चौकटीत काही तरी करत असते. डोळे मोठे करते, हात उडवते, वाक्याच्या शेवटाला हसू फोडते. दोघी शेजारी उभ्या राहिल्या की नजर आधी धाकटीकडे जाते आणि मग थोरलीवर राहते. निदान माझी तरी.

गाणी तिने स्वतः गायली आहेत का?

नाही. सोलांजचा आवाज क्लोद पाराँचा, देल्फीनचा आन जेर्मेंचा. मुख्य कलावंतांपैकी आपली गाणी स्वतः गायली ती फक्त आई झालेल्या दानियेल दारिएने. आपल्याला पार्श्वगायनाची सवय असल्यामुळे यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

अपघात नेमका कसा झाला?

२६ जून १९६७, सोमवार. सेंट त्रोपे इथे बहिणीबरोबर सुट्टी घालवून ती लंडनचं विमान पकडायला नीस विमानतळाकडे निघाली होती. भाड्याने घेतलेली रनो १० मोटार ती स्वतः चालवत होती आणि विमान चुकेल अशी धास्ती होती. नीसपासून सुमारे १० किलोमीटरवर, महामार्गाच्या व्हिलनव्ह-लुबे फाट्याजवळ मोटारीवरचा ताबा सुटला, ती फलकाच्या खांबावर आदळून उलटली आणि पेटली. तिला बाहेर पडता आलं नाही. ओळख पटली ती चेकबुकच्या तुकड्यावरून, डायरीवरून आणि वाहन परवान्यावरून.

यापुढचे रंगवलेले तपशील शोधू नका. ‘ती आयुष्यभर वेगात धावली आणि वेगानेच तिला नेलं’ अशी वाक्यं बऱ्याच लेखांत सापडतील. अभिनेत्रीच्या लयीचा आणि महामार्गावरच्या अपघाताचा काडीचा संबंध नाही. दफन पॅरिसच्या आग्नेयेला असलेल्या सेन-पोर गावात झालं.

तिचा शेवटचा चित्रपट कोणता?

हयातीत प्रदर्शित झालेला शेवटचा गाजलेला चित्रपट रोशफोरचा. ‘बिलियन डॉलर ब्रेन’ मृत्यूनंतर, १९६७ च्या अखेरीस आला.

कात्रीन दनव याबद्दल बोलते का?

बराच काळ बोलली नाही. १९९६ मध्ये तिने लेखक पात्रिक मोदियानो यांच्यासह ‘एल सापले फ्रान्स्वाज’, म्हणजे ‘तिचं नाव फ्रान्स्वाज होतं’, हे पुस्तक काढलं. मोदियानोंना पुढे २०१४ मध्ये नोबेल मिळालं. हरवलेल्या माणसांचे माग काढणं हाच ज्यांच्या लेखनाचा विषय, ते या पुस्तकासाठी योग्यच होते. कात्रीनने त्रुफोबरोबर नंतर दोन चित्रपट केले, १९६९ आणि १९८० मध्ये. त्या दोघांना जोडणारा एक दुवा थोरली बहीण होती.

आई रने सिमोनो ११ जुलै २०२१ रोजी १०९ व्या वर्षी गेली. मुलीनंतर ५४ वर्षं.

जगली असती तर ती कात्रीनपेक्षा मोठी झाली असती का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि मला सर्वांत कमी आवडतो. दोघींची शर्यत कधी नव्हतीच. एवढं मात्र म्हणता येईल की फ्रेंच चित्रपटात हलक्याफुलक्या विनोदाला उंच, देखणी आणि स्वतःला हास्यास्पद करून घ्यायला न घाबरणारी नटी तिच्यानंतर बराच काळ सापडली नाही.

नवख्याने कुठून सुरुवात करावी?

‘लोम द रियो’ आधी. मग काही दिवसांचं अंतर ठेवून ‘ला पो दूस’. हा क्रम उलटा केला तर पहिला चित्रपट उथळ वाटण्याचा धोका आहे. तिसरा रोशफोरचा, शक्य असेल तितक्या मोठ्या पडद्यावर आणि फ्रेंचमध्येच. ‘कल-द-सॅक’ शेवटी. शेवटच्या तिन्हींच्या चांगल्या प्रती क्रायटेरियन या जुने चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या कंपनीने काढलेल्या आहेत.

रोशफोरला गेलं तर आज काय पाहायला मिळतं?

कोल्बेर चौक आहे, कारंज्यासकट. चित्रपटाला २५ वर्षं झाली तेव्हा गावाने सोहळा केला, एका चौकाला फ्रान्स्वाज दॉर्लेआकचं नाव दिलं, आणि दमीची पत्नी आन्येस वार्दा हिने त्या सगळ्यावर १९९३ मध्ये माहितीपट केला. चित्रपटाच्या सुरुवातीला जत्रेचे ट्रक ज्या लोंबत्या फलाटावरून शारांत नदी ओलांडतात तो १९०० सालचा पूलही उभा आहे. त्या जातीचा फ्रान्समधला हा शेवटचा पूल. वाहनांसाठी तो १९६७ मध्येच बंद झाला. नंतर त्याची दुरुस्ती झाली आणि आता पायी किंवा सायकलने त्यावरून पलीकडे जाता येतं.